डबडी निघणार नाहीत

मिस्त्री गाडीखालून सरकत बाहेर आले, हात चिंधीला पुसले आणि म्हणाले, "ताई, ही दोन्ही डबडी काढून टाकूया. त्याबिगर ट्यून करण्यात अर्थ न्हाय."

"डबडी निघणार न्हाईत," मी म्हणाले. "ट्यून करा."

"अवो, इंजिनाला श्वास घ्यायला जागा न्हाय."

"श्वास सोडायला म्हणा. घ्यायची वाट पुढं हाय."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं, चिंधी खांद्यावर टाकली आणि चहा सांगायला गेले. उचगावातल्या त्यांच्या गॅरेजमध्ये झालेली ही आमची पहिली खडाजंगी. पुढचे कितीतरी आठवडे ती चालूच राहिली.

डबडी म्हणजे काय ते सांगते. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडं जायच्या आधी एका डब्यातून जातो. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते आणि तिच्यावर महागड्या धातूंचा पातळ लेप. त्या भोकांतून जाताना धुरातलं विष बरंचसं मरतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे त्याचं पूर्ण नाव. गाड्यांच्या नादातली पोरं कॅट म्हणतात, मिस्त्री डबडं म्हणतात. माझ्या गाडीचं इंजिन सहा सिलेंडरचं. तीन सिलेंडर डावीकडं, तीन उजवीकडं, त्यामुळं डबडी दोन.

गाडी दोन दारांची, दोनच माणसांची, करड्या रंगाची जपानी स्पोर्ट्स कार. पुण्यातल्या एका गृहस्थाकडून मी ती जुनी म्हणूनच घेतली. का घेतली, हे मला इतक्या जणांनी विचारलं की मी उत्तर देणं सोडून दिलं. पुरुषानं असली गाडी घेतली की लोक बॉनेट उघडून बघतात. बाईनं घेतली की तिचं डोकं उघडून बघावंसं वाटतं त्यांना. नवऱ्यानं घेऊन दिली असती तर हौस म्हणाले असते. मी नवरा सोडून माहेरी आलेली, पन्नाशी ओलांडलेली, म्हणून माज म्हणाले. म्हणू देत.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "हिच्यात पोती कुठं ठेवायची?"

"पोती न्यायला टेम्पो हाय."

"मग ही कशाला?"

"बसायला."

त्या दिवसापासून तो आजतागायत गिऱ्हाईक शोधतोय. माझ्यासाठी नव्हे, गाडीसाठी.

आमच्या वडिलांची शिरोलीत फाउंड्री. ती आता दादा चालवतो. माझ्या हातात वडिलांनी कोअर शॉप दिलं. लोखंड ओतताना आतला भाग पोकळ यावा म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. रेझिन लावलेली वाळू गरम पेटीत भाजून तो तयार होतो. भाजताना जो वास सुटतो तो आधी डोळ्यांत जातो, मग घशात, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर जेवणात. माझ्याकडं सगळ्या बायकाच कामाला. मी शॉप ताब्यात घेतलं तेव्हा पहिलं काम केलं ते प्रत्येक पेटीवर पत्र्याचं धुराडं आणि ओढणारा पंखा बसवला. आसपासचे कारखानदार हसले. "बाई कारखाना चालवतीय का लग्नाचं कार्यालय," असं एकानं दादाला विचारलं होतं. दादानं ते मला येऊन सांगितलं, जसं काही मी लाजून पंखे काढणार होते. मी आणखी एक पंखा मागवला.

हे सांगायचं कारण, धूर हा माझ्यासाठी लांबचा विषय नाही. पर्यावरणाची भाषणं मला देता येत नाहीत. पण घसा खवखवायला लागला की तो कशानं, हे मला कळतं.

गाडी घेतली तेव्हा ती पळत होती, पण मनापासून नाही. खालच्या वेगाला झकास, आणि जरा पाय दाबला की वर जाऊन दम तोडायची. मिस्त्री वडिलांच्या जीपपासून आमच्या घरच्या गाड्या बघतात, म्हणून त्यांच्याकडं नेली. ते म्हणाले ट्यून करूया. ट्यून म्हणजे इंजिनाचा जो छोटा कॉम्प्युटर असतो, किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारा, त्याच्यात नवा हिशेब भरायचा. मिस्त्री ते लॅपटॉपवरून करतात. हिशेबाची फाइल कोइमतूरचा एक ट्यूनर पाठवतो. त्याला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, पुराना कॅट निकालो, हाय-फ्लोवाला डालो," तो म्हणाला. "नहीं तो फुल फायदा नहीं मिलेगा।"

मी माझ्या हिंदीत विचारलं, "अभी की कॅट अडवती है, ये तुमने मोजा है क्या?"

"मॅडम, सब लोग करते हैं।"

इथं माझं डोकं फिरलं. सगळे करतात! आयुष्यभर मला हेच ऐकवलं गेलंय. सगळ्या नांदतात. सगळे कारखाने असेच चालतात. कोअर शॉपला धुराडं कोण बसवतं? आता कोइमतूरहूनही तेच. मी फोनकडं वाकून म्हटलं, "मैं सब लोग नहीं हूँ. कॅट जैसी है वैसी रहेगी. त्याच्यावर बसणारी फाइल भेजो."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला.

तसं बघितलं तर त्या दोघांचं एकमत नव्हतंच. ट्यूनर म्हणत होता मोठ्या भोकांची, महागडी नवी कॅट घाला. मिस्त्री म्हणत होते घालायचीच कशाला, सरळ रिकामी नळी जोडूया. आणि तिसरं मत रविवारी मिळालं.

हायवेला एका हॉटेलवर रविवारी सकाळी गाड्यांच्या हौशी लोकांचा क्लब जमतो. मी नवीनच होते. त्या घोळक्याचा म्होरक्या एक तरुण ठेकेदार. त्याची गाडी लांबूनच ऐकू यायची. तो माझ्या शेजारी येऊन थांबला, इंजिन चालूच ठेवलं आणि काच खाली केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कच्च्या पेट्रोलचा उग्र वास.

"जरा बंद करा की," मी म्हटलं.

"काकी, हे म्युझिक हाय म्युझिक!"

"आवाजाचं मी काय म्हणत न्हाय. वास यायलाय."

"वास येणारच की. कॅट उडवलीय. तुमची अजून हाय?" त्यानं बाकीच्यांकडं बघून विचारलं, जणू माझ्या गाडीला अजून बैल जुंपलेत.

"हाय. आणि राहणार."

"मग ट्यूनचा इचार सोडा. काकी, स्पोर्ट्स कार चालवायची हाय का अॅम्ब्युलन्स?"

सगळे हसले. मीही त्यांच्याबरोबर हसावं, अशी अपेक्षा होती. मी हसले नाही. विचारलं, "तुमची पीयूसी कशी होते?"

"त्याला माणूस हाय आपला."

"मला माणूस नको. गाडी पास व्हायला पाहिजे."

चहा अर्धा ठेवून मी निघाले. गेटमधून बाहेर पडताना त्यानं मुद्दाम एकदा इंजिन फुगवलं. मी काच खाली करून हात बाहेर काढला आणि टाटा केला, लहान पोरांना करतात तसा.

त्या आठवड्यात फाइल आली. मिस्त्री नाराजीनंच ती भरायला बसले. शुक्रवारी नमाजाहून आले, टोपी खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला, बघून येऊ. मग मला बोलायचं न्हाय." आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. गाडी खालून छान उठली. पाय ठेवला की लगेच उत्तर देत होती, खालच्या वेगाला आधीपेक्षाही झकास. मी खूश झाले. पण वाघबीळच्या चढाला मी पाय पूर्ण दाबला आणि वर जाऊन पुन्हा तेच. कुणीतरी मागून शेपूट धरल्यासारखं.

"बघा," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं न्हवतं?"

मी गाडी कडेला घेतली आणि तिथूनच माघारी वळवली.

घरी आल्यावर माझाच माझ्याशी वाद सुरू झाला. कारण मिस्त्रींचं म्हणणं माझ्या धंद्यातलंच होतं. कोअरमध्ये आम्ही बारीक भोकं ठेवतो. तापलेलं लोखंड वाळूला भिडलं की आत गॅस होतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट बुजली की गॅस लोखंडात घुसतो आणि सगळा माल भंगारात. हे मी रोज माझ्या बायकांना ओरडून सांगते. मग इंजिनाचा गॅस अडला तर तेही गुदमरणारच, हे मला कळत नव्हतं असं थोडंच?

पण दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये कोअर हातात घेऊन उभी होते तेव्हा दुसरी बाजू लक्षात आली. आम्ही भोक ठेवतो ते गॅसच्या मापानं. पुरेसं झालं की झालं. त्याहून मोठं केलं म्हणून लोखंड जास्त चांगलं येत नाही, उलट कोअर कच्चा होतो. कंपनीनं ही डबडी याच इंजिनासाठी बनवली. नुसता हिशेब बदलून इंजिनाचा धूर थोडा वाढणार, दुप्पट नाही. मग धड असलेलं डबडं एवढं अडवेल का? अडवत असेल तर ते धड आहे का? हे सगळे मोजायचं सोडून माझ्याशी भांडत का बसलेत?

कोअर शॉपमध्ये हवेच्या लाइनवर प्रेशर गेज असतो. कपाटात एक लहान, कोरा होता. तो घेऊन मी उचगावला गेले.

"डबड्याच्या आधी नळीत सेन्सर हाय न्हवं?" मी मिस्त्रींना विचारलं. "तो काढायचा, त्या भोकात हा बसवायचा. डबडं अडवत असंल तर मागं प्रेशर साठंल. न्हाईतर न्हाय."

"ते मला म्हाईत हाय," मिस्त्री फणकारले.

"मग केलं का न्हाईत?"

"कॅट काढायचीच हाय तर मोजून काय करायचं?"

पण गेज त्यांनी हातात घेतला. आटे जुळत नव्हते. शेजारच्या लेथवाल्याकडून त्यांनी जोडणी करून आणली. आधी उजवी बाजू. इंजिन चालू करून मिस्त्रींनी रेस दिली. काटा जागचा जेमतेम हलला.

"दिसलं?" मी म्हटलं.

"डावी बघू," ते म्हणाले.

डाव्या बाजूला रेस दिली आणि काटा चढत गेला. मिस्त्रींनी रेस सोडली, परत दिली. परत चढला. आम्ही दोघं त्या काट्याकडं बघत राहिलो. उजवं डबडं निर्दोष, डावं बुजलेलं. म्हणजे मीही पुरती बरोबर नव्हते आणि तेही नव्हते. मला तसंच बोलायचं होतं, पण मिस्त्री तोवर पाना घेऊन खाली गेलेही होते.

डावं डबडं निघालं. उजेडात धरून आत बघितलं तर मधाच्या पोळ्याचा अर्धा भाग वितळून घट्ट झालेला, जळालेल्या गुळाच्या ढेपेसारखा. मिस्त्रींनी मग डाव्या बाजूच्या ठिणगीच्या कॉइल तपासल्या. एक नवी होती, बाकीच्या जुन्या. आधीच्या मालकानं तिच्या जागची जुनी बिघडलेली असतानाच बरेच दिवस गाडी चालवली असणार. पेट्रोल इंजिनात न जळता डबड्यात येऊन जळलं आणि वीट वितळली. ट्यूनचा याच्याशी काही संबंध नव्हता. ट्यून केली नसती तरी हे डबडं बदलायलाच लागलं असतं.

"आता झालं," मिस्त्री म्हणाले. "आता हे निघालंच हाय तर दुसरं पण काढू आणि दोन्हीकडं नळी टाकू. ह्या डबड्यात जेवढे घालवाल तेवढ्यात टायर येतील चार."

"हाय तसलंच नवीन मागवा. कंपनीच्या मापाचं."

"ताई, हट्ट करालायसा तुमी."

"व्हय, करालेय."

मिस्त्री तापले. सत्तरीला टेकलेला माणूस, आणि लहानपणी मी त्यांना काका म्हणायचे ते सोडून मिस्त्री म्हणायला लागले तेव्हापासून एकदाही ते माझ्यावर आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "मग दुसरीकडं न्या गाडी! मी आजपतुर ज्याला नळी टाकून दिली त्यो हसत गेलाय. तुमी एकट्याच भांडत येतासा."

"न्हाय नेणार," मी म्हणाले आणि तिथं पडलेल्या टायरवर बसले. "वडिलांनी कधी नेली न्हवती, मी पण नेणार न्हाय. हितंच बसते."

मी खरंच बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. एकानं मला "मावशी, टायर इकायचा हाय का?" असं विचारलं. जेवणाच्या वेळी मिस्त्रींनी डबा उघडला, थोडा वेळ माझ्याकडं पाठ करून खाल्लं आणि मग एक भाकरी झाकणावर ठेवून माझ्यापुढं सरकवली. भाकरी संपल्यावर त्यांनी फोन काढला आणि डबड्याची चौकशी सुरू केली.

ते यायला वेळ लागणार होता. तोवर गाडी हलावी म्हणून त्यांनी डाव्या बाजूला तात्पुरती रिकामी नळी जोडून दिली. "न्या घरी. चालवून बघा. मनात भरली तर सांगा," असं म्हणाले. मी कबूल केलं. बघायला काय जातंय?

आवाज छान होता, खोटं कशाला बोलू. बोगद्यातून आल्यासारखा, पोटात उतरणारा. मी ती तशीच शिरोलीला शॉपवर नेली आणि दारात चालू ठेवून बायकांना बघायला बोलावलं. त्यांना गाडी आवडायची. पण त्या दिवशी जवळ येता येता सगळ्यात जुनी जी बाई आहे ती थांबली आणि तिनं पदर नाकाला लावला.

"ताई, आतला धूर कमी हुता व्हय, म्हणून ह्यो आणलासा?" ती म्हणाली.

बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी लगेच इंजिन बंद केलं आणि संध्याकाळी गाडी परत उचगावला नेऊन लावली. मिस्त्रींनी विचारलं, "कसं वाटलं?" मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "डबडं आलं की फोन करा."

डबडं आलं. मिस्त्रींनी ते बसवलं, पुन्हा गेज लावला, आणि दोन्हीकडचा काटा शांत बसलेला बघून स्वतःशीच हुंकार दिला. फाइल तीच, आधी भरलेली. आम्ही पुन्हा वाघबीळच्या चढाला गेलो. यावेळी मी पाय दाबला तशी गाडी वर जाऊनही ओढतच राहिली. वळण इतक्या लवकर आलं की मिस्त्रींनी पुढचा डॅशबोर्ड धरला.

"आता वडतीय," ते म्हणाले.

"डबडी दोन्ही हाईत."

"हाईत की. पण नळीवर अजून चार घोड्यांची ताकद निघाली असती."

"ते चार तुमच्या दारात बांधा."

ते हसले, पण हार मानली नाही. आजही मानत नाहीत. परवाच ते एका पोराला नळी टाकून देत होते तेव्हा मी गॅरेजात होते. माझ्याकडं बघायचं टाळून त्यांनी काम केलं. त्यांचं त्यांच्यापाशी. माझ्या गाडीखाली ते मला विचारल्याशिवाय हात घालत नाहीत, एवढं मला पुरतं.

कोइमतूरच्या ट्यूनरचे मेसेज अजून येतात. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, बसवा म्हणतो. त्याला एकदा सरळच विचारलं, तेव्हा कॅट बदलायला लागेल का? हो म्हणाला, तेव्हा धूरच इतका होईल की ही पुरणार नाही. ते मला पटलं. लिहिलं, तेव्हा मोठी घालू, रिकामी ठेवणार नाही. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते नमस्काराचं की कंटाळ्याचं, मी विचारलं नाही.

क्लबच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. मी एक दिवस तिथं दोन्ही काट्यांचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, मोजा मग बोला. ठेकेदारानं लिहिलं, हा ग्रुप शौकिनांसाठी आहे. मी विचारलं, मी कोण आहे मग? उत्तराऐवजी मीच ग्रुपबाहेर. पीयूसीला गाडी एका फटक्यात पास झाली, ते सांगायला म्हणून मी ग्रुप उघडला तेव्हा कळलं.

बरं झालं. रविवार मोकळा झाला. आता मी सकाळी एकटीच बिद्रीच्या बाजूला जाते. गळिताचा हंगाम असला की रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते आणि तिच्या मागं गपगुमान चालावं लागतं. मागच्या रविवारी असाच एक ट्रॅक्टरवाला, दोन ट्रॉल्या जोडलेला, मान मागं वळवून माझ्या गाडीकडं बघत होता. रस्ता जरा रुंद झाला तसा त्यानं वेग कमी केला आणि मी ट्रॉल्यांच्या कडेनं थोडी जवळ आल्यावर ओरडून विचारलं,

"ताई, पळती किती ही?"

"तुमी जरा बाजूला घ्या," मी ओरडले, "आणि मग बघा की!"

त्यानं घेतलं.